चाल कोण्या गावची? खंजेरी भजनाच्या एका व्हॉट्सॲप गटाचा प्रकरण अभ्यास

वर्धा नदीच्या अलीकडे अमरावती जिल्ह्यातला तिवसा-धामणगावचा भाग आणि पलीकडे वर्धा जिल्ह्यातला आर्वी-पुलगावचा. या पट्ट्यात खंजेरी भजन गाणारे जितके, त्याच्या कितीतरी पट ऐकणारे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म 1909 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा, आणि 1935 मध्ये त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला तो तिवसा तालुक्यातल्या मोझरीला. त्यामुळे खंजेरी इथे मंडळाच्या पेटीटाळांसोबत भिंतीच्या खुंटीवर टांगलेली असते आणि भजनाची आवड घरातून घरात जाते.

प्रकरण याच पट्ट्यातल्या ऐकणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटाचे आहे. अशा गटांमध्ये सारखी दिसणारी परिस्थिती इथे एका प्रकरणात बांधली आहे. गावे आणि माणसे यांची नावे वगळली आहेत, गटाचे आकडे या बांधणीतले आहेत. कायद्याचे, यंत्रांचे आणि ॲपचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत.

गट कुठे अडला होता

तिसऱ्या वर्षी गटात 31 गावांतले 740 जण होते. महिन्याला 1,900 च्या आसपास संदेश पडत. लिहिणारे मोजले तर चाळीसच. संदेशांत निम्म्याहून जास्त सुप्रभातची चित्रे, वाढदिवसाचे हार, निवडणुकीच्या तोंडावर पक्षांचे फॉरवर्ड. भजनावर बोलायला आलेला माणूस दोन आठवड्यांत गट म्यूट करायचा आणि महिनाभराने निघून जायचा.

चालकांनी आधी तेच केले जे सगळे करतात. सुप्रभातवर बंदी घातली. चार दिवस पाळली गेली. मग फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सेटिंग लावली, तर गट मुका झाला. मग 'फक्त भजन' असा दुसरा गट काढला. तेच लोक तिथे गेले आणि तेच फॉरवर्ड दोनदा येऊ लागले. शेवटी सदस्य वाढवण्याची मोहीम काढली. व्हॉट्सॲप गटाची मर्यादा 1,024 आहे, तो आकडा गाठायचा असे ठरले. ही चौथी चूक सगळ्यात महाग पडली, कारण नवे आलेले बहुतेक जण कोणाच्या तरी भिडेखातर आले होते. वाढत्या आकड्यामुळे चालकांना मात्र वाटत राहिले की काम होते आहे.

मग एका महिन्याचे संदेश एक्स्पोर्ट करून, छापून, बसून वाचले गेले. लाल पेनाने खूण फक्त अशा संदेशांवर, ज्यांना दहापेक्षा जास्त उत्तरे आली. खुणा निघाल्या नऊ. त्यातल्या सात संदेशांचा विषय एकच होता. त्यातला एक असा:

"काकाजी, हे चाल कोण्या गावची व्हय? आमच्या इकडं असं नाई म्हनत."

त्यावर 38 उत्तरे होती, आणि त्यांतले 21 जण त्या महिन्यात दुसरे काहीच बोलले नव्हते. उत्तरे बहुतेक आवाजात, कारण चाल टाइप करता येत नाही, ती म्हणूनच दाखवावी लागते. कोणी शेतातून म्हटली, कोणी गोठ्यातून. एकीच्या मागे भाकरी थापल्याचा आवाज. शब्द सगळ्यांचे तेच, चाली चार.

या प्रकरणाचे सगळे सूत्र इथे आहे. भजनाचे शब्द पुस्तकात मिळतात. चाल कुठेच लिहिलेली नसते. ती गळ्यात असते, आणि गळा गेला की कॅसेटमध्ये असली तर असते. गटातल्या लोकांना एकमेकांची खरी गरज होती ती एवढ्यासाठीच, आणि नेमक्या त्याच गोष्टीला व्हॉट्सॲपमध्ये जागा नव्हती. आवाजी संदेश तीन दिवसांत खाली जातो, शोधून सापडत नाही, फोनची जागा भरली की पुसला जातो. म्हणून गप्पांचा गट सुधारण्याचा नाद सोडून 'चालींची वही' करायला घ्यायची असे ठरले. वही आवाजाची: कोणते भजन, कोणत्या चालीत, कोणत्या गावचे, कोणी म्हटलेले. बाकीचे सगळे तिच्याभोवती उभे राहिले.

कॅसेटची पेटी

गटात एकच प्रश्न टाकला: घरी रेकॉर्ड केलेल्या भजनाच्या जुन्या कॅसेटी कोणाकडे आहेत? कंपनीच्या विकतच्या नकोत, मंडळाने किंवा घरच्यांनी स्वतः भरलेल्या हव्या. अकरा गावांतून 64 कॅसेटींचा पत्ता लागला. पण कॅसेट द्यायला कोणी तयार होईना. याआधी कोणी ना कोणी 'कॉपी करून आणतो' म्हणून नेल्या होत्या आणि त्या परत आल्या नव्हत्या. हा अविश्वास रास्त आहे आणि शब्दांनी जात नाही. तो तीन नियमांनी गेला. एका घरातून एकावेळी पाचच कॅसेटी घ्यायच्या. घेताना कव्हरचा आणि कॅसेटचा फोटो मालकासमोर काढून, पावतीवर क्रमांक घालून द्यायचा. आणि आठवड्याच्या आत कॅसेट पेन ड्राइव्हसह परत करायची. पहिल्या घरी पेन ड्राइव्ह लावून तीस वर्षांपूर्वी गेलेल्या आजोबांचा आवाज टीव्हीवर वाजला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच गल्लीतून तीन घरे स्वतःहून पुढे आली.

कामाचा अंदाज आधीच करून ठेवला पाहिजे, नाहीतर उत्साह पाचव्या कॅसेटला संपतो. 64 पैकी 46 साठ मिनिटांच्या, 18 नव्वदच्या. म्हणजे नुसता वाजवण्याचा वेळ 73 तास. साफसफाई, ऐकणे आणि नोंदी धरून याच्या अडीचपट लागतो, 180 तासांच्या वर. आठवड्याला दोन संध्याकाळी मिळून सहा तास दिले तर तीस आठवडे.

बाजारात कॅसेटचे थेट फाइलीत रूपांतर करणारे स्वस्त छोटे प्लेअर मिळतात. ते घेऊ नयेत. त्यांची मोटर हलकी असते, वेग डळमळतो आणि पेटीचा लांबवलेला सूर थरथरतो. त्यापेक्षा कोणाच्या घरी बंद पडलेला चांगला डेक (कॅसेट वाजवणारे मोठे यंत्र) असेल तर त्याचे रबरी पट्टे बदलून घ्यावे. पट्टे वितळून चिकट झालेले असतात, बहुतेक वेळा दोष तेवढाच असतो. डेकची लाइन-आउट यूएसबी साउंड कार्डला, तिथून लॅपटॉपला, आणि रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर. डेक घरच्या विजेवर आणि लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर ठेवायचा. लॅपटॉपचा चार्जर लावला की अर्थिंगच्या घोळामुळे मागे सतत 'हूंऽऽ' येतो, आणि तो नंतर काढायला गेले की पेटीचा खर्ज सोबत जातो.

कॅसेट हातात आल्यावर आधी तिच्या खिडकीतून फितीच्या थरांकडे उजेडात बघायचे. पांढरे ठिपके किंवा पावडर दिसली तर बुरशी आहे. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालायची नाही, बुरशी फीत वाचणाऱ्या हेडला लागून पुढच्या कॅसेटींवर जाते. मागच्या कडेला दोन खाचा असतात, त्यावरच्या प्लास्टिकच्या जिभा तोडून टाकायच्या, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. आत फितीच्या मागे नमद्याचा छोटा तुकडा असतो. तो गळून पडलेला असेल तर आवाज बुजलेला येतो. अशा वेळी कवचाचे पाच स्क्रू खोलून फितीची दोन्ही चाके दुसऱ्या चांगल्या कवचात बसवायची. स्क्रूऐवजी कवच चिकटवलेले असेल तर कडेने अलगद फोडावे लागते. तुटलेली फीत जोडायला स्प्लायसिंग टेपच वापरायची. साध्या सेलोटेपचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो आणि पुढचे दोन थर चिकटवतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर नक्कीच.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवायची, म्हणजे वर्षानुवर्षे एका जागी पडून बसलेला ताण सुटतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, रबरी रोलर मात्र साबणाच्या पाण्याने, कारण अल्कोहोलने रबर कोरडे पडते. डेकवरचे डॉल्बीचे, म्हणजे खरखर कमी करणारे, बटण बंद. मग हेडच्या कोनाचा छोटा स्क्रू. घरच्या प्रत्येक टेपचे हेड थोडे वेगळ्या कोनात असायचे, त्यामुळे त्यावर भरलेली कॅसेट दुसऱ्या डेकवर बुजलेली वाजते. भजनाच्या कॅसेटींना इथे एक सोय आहे: खंजेरीच्या चकत्या आणि टाळ. स्क्रू पाव फेरीहूनही कमी, अगदी सावकाश फिरवत राहायचे. चकत्यांची किणकिण जिथे सगळ्यात स्वच्छ कानाला लागते, तिथे थांबायचे. हे प्रत्येक कॅसेटला वेगळे करावे लागते. गायकाच्या आवाजावर कान ठेवून हा कोन सापडत नाही, चकत्यांवर ठेवला की लगेच सापडतो.

रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो, वेव्ह फाइल. सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ द्यायचा नाही. या मापाने तासाला सुमारे 520 एमबी होतात, 73 तासांचे 38 जीबीच्या आसपास. गुगल खात्यात फुकट जागा 15 जीबी, म्हणजे 'ड्राइव्हवर टाकू' हे पुरत नाही. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर, आणि त्या दोन वेगळ्या गावांत. ऐकण्यासाठी 64 केबीपीएसची एमपी3 प्रत: सहा मिनिटांचे भजन तीन एमबीच्या आत बसते आणि नेटवर्क एका कांडीचे असले तरी उतरते.

वेगाची भानगड सविस्तर सांगितली पाहिजे, कारण चालींच्या वहीत पट्टीला किंमत आहे. गावात वीज नसायची तेव्हा टेप सेलवर चालायचा. सेल उतरत आले की मोटर मंद होते आणि त्या मंद फितीवर भरलेले भजन आज नीट वेगाने वाजवले की चढे ऐकू येते. कॅसेटच्या शेवटाकडे पट्टी हळूहळू चढत जाते ती गायकाच्या जोशामुळे नव्हे, सेलमुळे. पारख पेटीवर. शेजारी पेटी घेऊन बसायचे आणि कॅसेटमधल्या पेटीचा षड्ज धरायचा. तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधोमध कुठेतरी आला तर वेग सुमारे तीन टक्के चुकलेला आहे. पूर्ण एका पट्टीचा फरक म्हणजे सुमारे सहा टक्के. दुरुस्ती वेग बदलूनच करायची. वेग तसाच ठेवून फक्त पट्टी बदलणारे साधन वापरले तर ताल चुकीचाच राहतो. फरक नेमका एका पट्टीचा असेल तर मात्र पेटी फसवते, कारण सूर बरोबर दुसऱ्या कळीवर जाऊन बसतो. तेव्हा भजनाआधीचे बोलणे ऐकायचे, आणि तो माणूस ओळखणाऱ्याला विचारायचे: बुवांचा आवाज असाच होता का? शंका राहिली तर दुरुस्ती करायची नाही, नोंदीत 'वेग संशयित' लिहायचे. मूळ फाइलीला कोणत्याही स्थितीत हात लावायचा नाही.

आजचे गळे

कॅसेटीतल्या चालींइतक्याच महत्त्वाच्या आज म्हटल्या जाणाऱ्या. त्या फोनवर घ्यायच्या, पण व्हॉट्सॲपच्या आवाजी संदेशात नाही. तो संदेश बोलण्यासाठी दाबलेला असतो, त्यात टाळ आणि चकत्या वाळू सांडल्यासारख्या येतात. फोनमधल्या रेकॉर्डर ॲपवर उत्तम दर्जा निवडून घ्यायचे आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे.

पहिल्या बारा रेकॉर्डिंगपैकी सात बाद झाली, सगळी एकाच कारणाने. फोन खंजेरीवाल्याच्या गुडघ्याजवळ ठेवला होता. फोन मोठा आवाज आला की स्वतःहून पातळी खाली ओढतो आणि मग हळूहळू वर आणतो. खंजेरीवर जोराची थाप पडली की पुढचा अर्धा शब्द बुडतो, पुन्हा वर येतो, पुन्हा बुडतो. उपाय बसण्याच्या रचनेत आहे. फोन गाणाऱ्याच्या तोंडापासून दीड मीटरवर, छातीच्या उंचीला, उशीवर किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर. खंजेरी आणि टाळ त्याहून दुप्पट लांब, पेटीची भात्याची बाजू फोनकडे नाही. पंखा बंद, फोन विमान मोडवर. पत्र्याच्या सभामंडपात आवाज घुमतो, तिथे मागच्या भिंतीला दोन गोधड्या टांगल्या तरी फरक पडतो. लाउडस्पीकर लावलेला असेल तर त्या भोंग्यासमोरचे रेकॉर्डिंग वहीत घ्यायचे नाही.

सुरुवातीला गाणाऱ्याने स्वतः बोलायचे: नाव, गाव, तारीख, भजनाची पहिली ओळ आणि चाल कोणाकडून घेतली. हे शेवटचे वाक्य सोडू नये. "हे चाल माह्या मामाकडची व्हय, त्यायले नदीपल्याडच्या एका बुवानं देल्ली" असे एक वाक्य मिळाले की दोन गावे जोडली जातात.

पावसाळ्यात चामड्याची खंजेरी सादळते, आवाज खाली बसतो. शेकून घेतल्याशिवाय रेकॉर्ड करू नये, आणि शेकलेली खंजेरी दोन-तीन भजनांतच पुन्हा उतरते. प्लास्टिकच्या पडद्याची खंजेरी उतरत नाही, पण तिचा नाद वेगळा, नोंदीत लिहावे.

यादी

व्हॉट्सॲपवरून उतरलेल्या फाइलीचे नाव तारीख आणि आकडे एवढेच असते. त्यामुळे प्रत्येक फाइलीला कॅसेट क्रमांक, बाजू आणि क्रम असे नवे नाव दिले: 17-ब-03. बाकी सगळे एका शीटमध्ये, अकरा रकाने: क्रमांक, पहिली ओळ, चालीची ओळख, पट्टी, ठेका, गायक, मंडळ, गाव, साल, चाल कोणाकडून, परवानगी. 'चालीची ओळख' हा रकाना सगळ्यात जास्त भांडणाचा ठरला. प्रत्येक गाव आपल्या चालीला 'जुनी चाल' म्हणायचे. शेवटी जुनी-नवी हे शब्दच काढले आणि गावाच्या नावाने चाल लिहायला सुरुवात केली.

बैठक

वही नुसती ऐकायला ठेवली तर तीही मुकी पडते. महिन्याला एक बैठक, दर वेळी वेगळ्या गावात. रचना अशी: एक भजन निवडायचे, चार मंडळांनी आपापल्या चालीत तेच म्हणायचे, प्रत्येकी 12 मिनिटे, मध्ये कॅसेटीतले दोन तुकडे ऐकवायचे, उरलेल्या वेळात चाल कुठून आली यावर बोलणे. स्पर्धा नाही, क्रमांक नाही, शिल्ड नाही. भजन स्पर्धा या भागात भरपूर होतात आणि व्हाव्यात, पण स्पर्धेत मंडळ बसवलेली, उठावदार चाल आणते, आणि आजीकडची साधी चाल घरीच राहते. वहीला ती हवी आहे.

वेळ संध्याकाळी साडेसात ते पावणेदहा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, आणि दिवसाही लेखी परवानगी लागते. पहिल्या बैठकीत मंडळांना आवरता न आल्याने साडेदहा वाजले, गावातूनच तक्रार गेली आणि पुढच्या महिन्याची परवानगी अडली. त्यानंतर लाउडस्पीकरच काढून टाकला. शंभर-सव्वाशे माणसे सभामंडपात बसली तर भजनाला माइक लागत नाही. रेकॉर्डिंगही त्यामुळे सुधारले.

महिने निवडताना शेताकडे बघायचे. जूनच्या मध्यापासून पेरणीचे तीन-चार आठवडे कोणी येत नाही. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी चालू असताना ऑक्टोबर जातो. त्याच सुमारास अश्विन वद्य पंचमीला मोझरीला महाराजांची पुण्यतिथी असते, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते, आणि त्या आठवड्यात या पट्ट्यातली मंडळे तिकडेच असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत संध्याकाळ मोकळी मिळते, पण बायका दिवसभर वाकून थकलेल्या असतात. तेव्हा बैठक तासाभराची ठेवली.

थेट प्रक्षेपणाचा हट्ट सोडावा. चांगल्या चित्रासाठी अडीच-तीन एमबीपीएसचा अपलोड सलग लागतो, आणि संध्याकाळी आठला गावच्या टॉवरवर तो टिकत नाही. दोनदा प्रयत्न झाला, दोन्ही वेळा पाहणारे सतरा जण आणि फोन सांभाळणारे चौघे, जे बैठकीत बसायला हवे होते. आता रेकॉर्ड करून ठेवतात आणि पहाटे पाचला नेटवर्क मोकळे असताना चढवतात.

बायकांची मंडळे गप्प का होती

31 गावांत बायकांची भजन मंडळे 14, आणि चाली सगळ्यात जास्त त्यांच्याकडे, कारण लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई माहेरची चाल घेऊन येते. नदी ओलांडून चाली आल्या त्या बहुतेक अशाच. तरी गटात त्यांचा आवाज जवळजवळ नव्हता. कारण विचारल्यावर एका वाक्यात मिळाले: "भाऊ, एक भजन टाकलं का चार अनोळखी फोन येतात." व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. 740 जणांच्या गटात भजन म्हणणे म्हणजे 740 जणांना नंबर देणे. नियम लिहून हे थांबत नाही.

म्हणून रचना बदलली. ऐकवण्यासाठी व्हॉट्सॲप चॅनेल. ते भारतात सप्टेंबर 2023 पासून आहे आणि त्यात ऐकणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बोलण्यासाठी मंडळागणिक छोटे गट, पंधरा-वीस जणांचे, एकमेकांना ओळखणाऱ्यांचे. बायकांच्या गटांच्या ॲडमिन बायकाच. त्यातली एक जण रेकॉर्डिंग पुढे पाठवते, गायिकेच्या होकारानंतर, आणि नाव द्यायचे की नुसते मंडळाचे नाव ते गायिका ठरवते. मोठा गट बंद केला नाही, नव्यांसाठी दार म्हणून ठेवला. सहा महिन्यांत वहीतल्या नव्या नोंदींपैकी निम्म्या बायकांच्या मंडळांकडून आल्या. हे आधी करायला हवे होते.

हक्क

'भजन देवाचे, त्यावर कसला हक्क' असे म्हणून पुढे गेलेले गट इथेच अडकतात. शब्द, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

शब्दांवरचा हक्क भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षे चालतो. तुकाराम महाराजांच्या अभंगांच्या शब्दांचा प्रश्नच येत नाही. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरचा हक्क 2028 अखेरपर्यंत आहे. गटाला भजनांची शब्दांसह पुस्तिका छापायची होती, ती यासाठी थांबवली आणि हक्कधारकांना लेखी विचारले. बैठकीला मात्र अडचण नाही: हौशी मंडळाने तिकीट न लावता श्रोत्यांपुढे केलेले सादरीकरण कायद्याने उल्लंघन ठरत नाही. ही सवलत सादरीकरणापुरती आहे, इंटरनेटवर चढवण्याला ती लागू धरता येत नाही. म्हणून उघड चॅनेलवर चालीचे छोटे तुकडे आणि परवानगी मिळालेली भजने, एवढेच. पूर्ण वही ऐकायची तर बैठकीला यायचे.

गायकाचाही स्वतंत्र हक्क असतो, गायनाच्या पुढच्या वर्षापासून 50 वर्षे. 1988 सारख्या जुन्या कॅसेटीतल्या बुवांचाही हक्क आहे असे धरूनच चालायचे, आणि तो त्यांच्या वारसांकडे जातो. म्हणून कॅसेटच्या पावतीवरच घरच्यांची सही: ऐकवायला होकार, चढवायला होकार, नाव द्यायला होकार, तीन वेगळ्या चौकटी. बऱ्याच घरांनी पहिल्या दोन भरल्या आणि तिसरी सगळ्यात आधी.

चालीचे दुखणे वेगळेच निघाले. बरीच मंडळे सिनेमाच्या गाण्यांच्या चालीवर भजन म्हणतात. त्यात कमी लेखण्यासारखे काही नाही, लोकांनी ऐकलेल्या सुरात भजन बसवणे ही जुनी रीत आहे. पण यूट्यूबची तपासणी यंत्रणा सूर ओळखते, शब्द भजनाचे असले तरी. व्हिडिओवर दावा येतो. दावा म्हणजे शिक्षा नव्हे: व्हिडिओ बहुधा राहतो, जाहिरातीचे पैसे मूळ मालकाला जातात, काही वेळा आवाज बंद होतो. स्ट्राइक ही वेगळी आणि जड गोष्ट. 90 दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाते. पहिला दावा आला तेव्हा घाबरून सगळे 40 व्हिडिओ पुसले गेले, आणि त्यातल्या 11 चे मूळ कोणी ठेवले नव्हते. आता सिनेमाच्या चालीची भजने वहीत असतात, यूट्यूबवर नसतात.

पैसा

यूट्यूब चॅनेलमधून कमाईची आशा धरू नये. जाहिरातीच्या उत्पन्नासाठी 1,000 सदस्य आणि वर्षात 4,000 तासांचे पाहणे लागते. तिकडे धावले की दहा मिनिटांचे साधे भजन सोडून दिखाऊ व्हिडिओ सुरू होतात. खर्च वर्गणीवर चालला: 60 घरे, महिन्याला 20 रुपये, 1,200. त्यातून पट्टे, पेन ड्राइव्ह, अल्कोहोल, एसटीचे भाडे. हार्ड डिस्क दोघांनी दिल्या. आधी पैसे एकाच्या खासगी यूपीआयवर येत होते, तिसऱ्या महिन्यात कुजबुज सुरू झाली, आणि तो माणूस चोख असूनही दुखावला गेला. त्यानंतर हिशेबाच्या वहीवर दोन सह्या आणि महिनाअखेरीस त्या पानाचा फोटो प्रत्येक छोट्या गटात. संस्था नोंदवायला सात जण पुरतात, पण महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखालीही नोंद, दरवर्षी हिशेब आणि बदल अहवाल हे सगळे मागे लागते. ते सांभाळणारा माणूस मिळेपर्यंत नोंदणी न करण्याचा निर्णय योग्य होता.

पोरांचे

उन्हाळ्यात खंजेरीचे शिबिर झाले, सकाळी 6 ते 8, कारण मे महिन्यात नऊनंतर मंडपात बसवत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, तोवर दिवस मिळतात. बारा मुले, सहा खंजेऱ्या: एक वाजवतो, दुसरा टाळीवर मात्रा मोजतो. पहिले तीन दिवस फक्त आठ मात्रांचा भजनी ठेका, संथ. मग सहाचा दादरा. गडबड वेगामुळे झाली. मुलांना लगेच झटक्यांची, हात उंचावून मारायची थाप हवी असते, आणि तिसऱ्या दिवशी बोटे सुजून चौघे घरी बसले. पुढच्या शिबिरात वेगाची थाप सहाव्या दिवसाआधी शिकवायची नाही असे ठरले. शिबिर संपताना प्रत्येकाला एकच काम: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून एक चाल रेकॉर्ड करून आणणे. बारापैकी नऊ आल्या, त्यातल्या दोन वहीत नव्हत्या.

सध्याची स्थिती

64 पैकी 56 कॅसेटी उतरल्या. उरलेल्या आठांपैकी पाचांना बुरशी आहे, तिघींची फीत चिकटली आहे. त्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवल्या आहेत, ओव्हनमध्ये भाजण्याचे इंटरनेटवरचे उपाय करायचे नाहीत असे मालकांना लिहून दिले आहे. शीटमध्ये 612 नोंदी आहेत आणि त्यातल्या 143 मध्ये गायकाच्या रकान्यात 'अनोळखी' लिहिले आहे. दर बैठकीला त्यातले तीन तुकडे, प्रत्येकी 40 सेकंद, भजनाआधीच्या खोकण्या-बोलण्यासकट वाजवले जातात आणि दिवे लावून सगळ्यात पुढे म्हाताऱ्यांना बसवले जाते. मागच्या बैठकीत 22-अ-05 वाजवले. भजन सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या 'हं, धरा' वर, तिसऱ्या रांगेतल्या एका आजीने हात वर केला. पुढच्या बैठकीसाठी 17-ब-03, 41-अ-01 आणि 41-अ-06 काढून ठेवले आहेत. 41 ची कॅसेट नदीपलीकडून आली आहे, म्हणून बैठकही पलीकडेच आहे.